खळ्याच्या कडेला

माझं अक्षर बरं, अंग जाड आणि धीर कमी. घरच्यांनी हे तिन्ही गुण वेळीच ओळखले, म्हणून लग्नाच्या याद्या लिहिणं आणि पंगतीत वाढप्यांवर ओरडणं यापलीकडचं काम मला कुणी कधी सांगितलं नाही. गेल्या माघात मात्र एक काम आलं. ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता आलं नाही, आणि मला साताऱ्याहून सांगलीकडे जावं लागलं. हा काही काशी-रामेश्वराचा प्रवास नव्हे. आमच्या आळीतले लोक हळदीच्या सौद्याला जाऊन येतात आणि परत आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मी काढतो आहे, कारण मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि त्या वेळी नेमकं बोलायचं नव्हतं.

सातारा

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. माझा चुलतभाऊ बापू आष्ट्याच्या अलीकडे आमच्या मूळ गावी शेती करतो. त्याचा एकुलता मुलगा शिवा माझ्याकडे साताऱ्याला शिकायला होता. शिकणं जेमतेम झालं आणि तो इथूनच पलटणीत भरती झाला. गावात पोस्ट नाही, म्हणून कागदावर त्यानं पत्ता माझा घातला. त्यामुळे तार माझ्या दारात आली. इटलीत कुठंतरी शिवा पडला होता.

तार वाचून मी ओट्यावर बसलो. बायकोनं आतून विचारलं, "कुणाची हो?" मी सांगितलं. तिनं हंड्यात पाणी काढलं आणि म्हणाली, "उठा. आधी डोक्यावरून पाणी घ्या."

सुतक मरणाबरोबर येत नाही, कानावर पडल्याबरोबर येतं. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. शिवा जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे, पण सुतक त्या सकाळी माझ्या घरात शिरलं. बापूच्या घरात अजून नव्हतं. मी जाऊन सांगेन तेव्हा ते तिथं पोचणार होतं. म्हणजे मी पिशवीत धोतर-पंचा घेऊन निघालो असं दिसत असलं, तरी खरं ओझं तेच होतं.

निघताना बायको म्हणाली, "जा आणि सरळ सांगा. वाटेत शब्द गोळा करत बसू नका."

ही खोड मला आहे. शाळेत मी मराठी शिकवतो आणि शाळा सुटल्यावर लोकांना त्यांच्याच तोंडचे शब्द कुठून आले ते विचारत फिरतो. घरात मला शब्दांचा मोडीवाला म्हणतात. या वेळी मी ज्या शब्दामागे होतो, तो मला शिवानंच दिला होता. बोटीवर जाण्याआधी रजेवर आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "काका, आमच्या तुकडीत एक मद्रासी हाय. त्याच्या गावात खळ्याला कळम म्हणत्यात. त्यो म्हणतोय शबूद तुमी आमचा चोरला. मी म्हणलं तुमीच चोरला असंल. बघा की जरा, चोर कोण ते."

मी म्हणालो, पुढच्या रजेला ये, निकाल देतो.

वाईला एक वृद्ध शास्त्री आहेत, त्यांना जाऊन विचारलंही. ते म्हणाले, संस्कृतात 'खल' म्हणजे मळणीची जागा, 'खल' म्हणजे दुष्ट माणूस, आणि फार जुन्या भाषेत 'खल' म्हणजे युद्धही. शत्रूला पेंढ्यांसारखं झोडपायचं, म्हणून. मी सगळं टिपून घेऊन खुशीत घरी आलो होतो. शिवाला सांगायला मजा येणार होती.

मोटार, आणि माधवनगर

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. पेट्रोल लढाईवर गेलेलं. मागच्या बाजूला बंब बांधल्यासारखी ती भट्टी, आणि दर चढाला उतारूंनी उतरून ढकलायचं. माझं वजन आत असताना गाडीला भार आणि बाहेर असताना ढकलण्याला उपयोग नाही, असं क्लीनर सर्वांसमक्ष म्हणाला. ढकलताना माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तो दोऱ्यानं बांधला आणि फरफटत स्टेशन गाठलं.

रुळांच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढलेली होती. कापलेल्या ताटांचे बुडखे, मधूनमधून सारवलेली गोल खळी, मध्ये तिवड्याचा खांब रोवलेला आणि त्याभोवती बैल. एरवी मी खिडकीतून मान काढून पाहिलं असतं. त्या दिवशी खिडकी लावून घेतली.

सरळ गावी जायचं सोडून मी माधवनगरला उतरलो. तिथं बापूचा मेहुणा दत्तू कापडगिरणीत कामाला आहे. त्याला बरोबर न्यावं, म्हणजे सांगायला दोन तोंडं होतील, असा माझा हिशेब. खरं म्हणजे एकच तोंड असावं आणि ते त्याचं असावं, असा होता.

दत्तू पाळी संपवून बाहेर आला तो कोपरापर्यंत पांढरा. अंगाला आंबूस वास.

"हे काय लागलंय?" मी विचारलं. काय सांगायला आलो होतो आणि काय विचारत होतो!

"खळ," तो म्हणाला. "पिठाची. सुताला खळ दिल्याबिगार मागावर टिकत न्हाई, तटातट तुटतंय. तुमी कसं काय आला, मास्तर?"

सांगितलं. तो गिरणीच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि हाताची वाळलेली खळ नखानं सोलत राहिला. शिवाला त्यानं खांद्यावर खेळवलं होतं.

"तू चल माझ्याबरोबर," मी म्हणालो.

"न्हाई." तो लगेच म्हणाला. "मी आठवड्याच्या मधीच काम सोडून गेलो, तर अक्का लांबनंच वळखंल. आन तुमी आत्ता जाऊन बी उपेग न्हाई. दाजी खळ्यावर असत्याल. रास उभी हाय. राशीपाशी असलं बोलायचं नसतंय."

"मग केव्हा बोलायचं?"

"रास उचलल्यावर."

त्याच्या खोलीवर भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. त्यानं खाल्लं नाही. जेवून बाहेर आलो तर चंद्राभोवती मोठं, फिकट खळं पडलं होतं. दत्तूनं वर बघितलं आणि म्हणाला, "दूर खळं, जवळ पाऊस. दाजींची रास भाईर हाय." मग पंच्यानं तोंड झाकून आत गेला. सुताला खळ असते तशी माणसाला काही देता आली तर बरं, असं मला वाटलं. कुणी दिली असती तर मी आधी स्वतःलाच लावून घेतली असती.

सांगलीचा पूल ओलांडून

सकाळी सांगलीहून हुसेनभाईंची बैलगाडी मिळाली. हे मूळचे आमच्याच गावचे, वडिलांच्या वेळचे ओळखीचे. कृष्णेचं पाणी खाली गेलेलं, पात्रात वाळूवर कलिंगडांचे वेल. आभाळ पांढुरकं, वारा मात्र चांगला. मी गप्प बसलेला बघून त्यांना चैन पडेना.

"मास्तर, आज कुठला शबूद धरलाय?"

तोंडातून निघून गेलं, "खळं."

त्यांनी बैलाची शेपटी पिरगाळली. "खला? आमचे मौलवीसाब सांगायचे. खला म्हंजे जिथं कायबी न्हाई ती जागा. निस्ती पोकळी."

"तो अरबी, हुसेनभाई. आपल्या खळ्याशी त्याचं नातं नाही. नुसता आवाज जुळतो."

"नसंल. पर रास उचलल्यावर खळ्याकडं बघा कवा तरी." पुढं त्यांनी आपण होऊन विचारलं, "शिवा कसा हाय?"

मी म्हणालो, "ऊन वाढायला लागलं."

"व्हय," ते म्हणाले, आणि गावापर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

खळ्यावर

बापू वावडीवर उभा होता. वावडी म्हणजे तीन पायांची उंच घडवंची. तिच्यावर उभं राहून पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडायचं, दाणे खाली पडतात आणि भुसकट उडून जातं. अथणीकडचा कानडी बसाप्पा खालून पाट्या भरून देत होता. तो दर साली सुगीला बायकोमुलांसह येतो, आणि इथं मिळालेल्या जोंधळ्यावर त्यांचं वर्ष निघतं. कडेला सुतार, लोहार, न्हावी, परीट आपापली पोती घेऊन बसलेले. रास कमरेइतकी होती. त्या दाण्यांचा रंग मोत्याचा म्हणतात तो खोटा नव्हे.

"आलं का सातारकर!" बापू वरून ओरडला. "आरं ये की आत. भाईर का हुबा ऱ्हायलास खांबासारखा?"

खळ्यावर अनवाणी जायचं असतं, आणि सुतक असलेल्यानं जायचंच नसतं. मी कडेच्या बाभळीखाली थांबलो होतो. आदल्या रात्रीपासून मी एक सबब शोधून ठेवली होती आणि ती मला फार हुशारीची वाटत होती.

"पायात काटा मोडलाय," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मूर्ख सबब. सांगली भागातल्या शेतकऱ्याला काटा मोडलाय म्हणून सांगायचं! बापू वावडीवरून उतरला, कमरेच्या चंचीतून चिमटा काढला, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाव."

मी पाय पुढे केला. त्यानं तळवा अंगठ्यानं चाचपला. टाचेपासून बोटांपर्यंत. मग दुसरा पाय मागितला, तोही चाचपला. मग मान खाली घालून तसाच बसून राहिला.

"काटा न्हाई," तो हळूच म्हणाला.

उठला, राशीकडे गेला, ओंजळ भरली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खळ्यावर आलेल्या माणसाला पसाभर दाणे द्यायची रीत आहे. भिकारी असो, फौजदार असो, नको म्हणत नाहीत. सुतक असलेला तेवढा हात पुढे करत नाही.

त्याची ओंजळ माझ्या छातीसमोर होती. मला वाटलं, घेऊन टाकावं. घेतलं असतं तर निदान संध्याकाळपर्यंत निभावलं असतं. पण माझे हात पाठीमागे गेले होते, आणि ते पुढे येईनात.

बापूनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ओंजळ परत नेऊन राशीवर सोडली, एक दाणाही बाहेर न सांडता. परत माझ्याजवळ आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा फक्त थोडा खाली होता.

"बोलू नगंस. कानावर कवा घालायचं ते मी सांगंन."

"बापू..."

"गप रं. काल चांदाला खळं हुतं. बघितलंस?"

"बघितलं."

"उद्यापतुर पाऊस येतूय. ह्या राशीत समद्यांचं हाय. बसाप्पाचं सालाचं हाय. माज्या कानावर पडलं की माजं हात बांधलं, तेरा दिवस कुणाला दाणा देता येनार न्हाई. आन तवर ही रास कुजून जाईल." त्यानं मुंडासं सारखं केलं. "अजून कायबी झाल्यालं न्हाई. कळलं? तू बस हितं आन दुसरं कायतरी बोल. तुज्या शबुदांचं बोल. एरवी थांबत न्हाईस, आज थांबू नगंस."

आणि तो परत वावडीवर चढला.

मी बोललो. आयुष्यात इतका वेळ शाळेतसुद्धा बोललो नाही. बाभळीखाली पोत्यावर बसून मी खळ्यावर व्याख्यान दिलं. माधवनगरच्या गिरणीतली खळ सांगितली, चंद्राचं खळं सांगितलं, हिंदीतलं खलिहान सांगितलं. संस्कृतातला खल म्हणजे दुष्ट, हे सांगितल्यावर न्हावी म्हणाला, "म्हंजे आपला पाटील," आणि सगळे हसले. बापूही हसला. ते हसणं मी विसरलेलो नाही. वाईच्या शास्त्र्यांचा तिसरा अर्थ मात्र मी गिळला.

दुपारी वैनी, म्हणजे दत्तूची अक्का, भाकऱ्यांची पाटी घेऊन आल्या. झुणका, कांदा, गाडग्यात आंबील. माझ्यापुढे भाकरी ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "भावजी, शिवाचं पत्तर आलं का हो?"

"पत्र नाही आलं, वैनी," मी म्हणालो. शब्दशः खरं होतं. खरं बोलणं इतकं घाणेरडं असू शकतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

"त्याला हुरडा लय आवडतोय. यायचा काय नेम न्हाई, म्हणून चार कणसं कवळीच काढून टांगल्यात आढ्याला. वाळून लाकूड झाली. तरी ऱ्हाऊ द्यात म्हणलं."

"आगं, जेवू दे की त्याला," वरून बापू म्हणाला. "भुकेला माणूस. आन तू घराकडं जा, वैरण कुणी टाकायची?"

वैनी गेल्या. मी भाकरीचे तुकडे करत बसलो.

जेवणानंतर वारा वाढला. बसाप्पाला माझं सकाळचं बोलणं आवडलं असावं. पाटी वर देता देता तो म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं कण म्हणतंय बगा खळ्याला. जुनी माणसं कळ म्हणतंय."

"कळच. तिकडे मद्रासकडं कळम," मी म्हणालो. आता थांबायला हवं हे कळत होतं.

"आन आमच्या गाण्यात," बसाप्पा म्हणाला, "लडाईच्या जागंला बी कळच म्हणतंय. तितं लोक पडलं की कळदागं, म्हंजे कळात, पडलं म्हणतंय."

पाटी बापूच्या हातात होती. ती तशीच राहिली. वारा वाहत होता आणि दाणे पडत नव्हते. खालचे सगळे वर बघायला लागले. सुतारानं विचारलं, "काय झालं, बापू?"

"डोळ्यात भुसकट गेलं," बापू म्हणाला. बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "आसंल बसाप्पा. झोडपायचं दोनीकडं हायच." आणि पाटी हलवली. दाणे पडायला लागले.

तिसऱ्या प्रहरी मापं सुरू झाली. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बापूनं राशीला हात जोडले, मापटं भरलं आणि ठसठशीत आवाजात म्हणाला, "लाभ!" त्यापुढे दोन, तीन. राशीपाशी माप चालू असताना इतर कुणी बोलत नाही. माझं बोलणंही थांबलं. त्याच्या तोंडचे आकडे ऐकत मी बसलो. आवाज एकदाही हलला नाही. सुताराला दिलं, लोहाराला दिलं, न्हाव्याला, परटाला. बसाप्पाला ठरल्यापेक्षा दोन मापं जास्त पडली. तो म्हणाला, "जास्ती झालं की, मालक." बापू म्हणाला, "वारं लागून दाणं फुगल्यात, घे."

देवाचं काढलं, वाटसरूचं काढलं. घरची पोती गाडीत चढली. खळ्यावर 'संपलं' म्हणत नाहीत. बापूनं रिकामं माप पालथं घातलं आणि म्हणाला, "वाढलं."

माणसं आपापली ओझी घेऊन गेली. बसाप्पाची बायको शेवटी खळ्याची कड झाडून, मातीत मिसळलेले दाणे ओटीत घेऊन गेली. पश्चिमेला काळं चढत होतं. मध्ये तिवडा आणि त्याच्याभोवती बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला तो गोल, त्यात काही नाही. हुसेनभाईंची आठवण झाली.

बापू तिवड्याला टेकून बसला. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. डोकं सगळं पांढरं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "घाल आता कानावर."

सकाळपासून एवढं बोललो होतो, पण त्या एका वाक्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी कडेलाच उभा राहिलो. त्याला माझी कीव आली असावी.

"कुठं?" त्यानंच विचारलं.

"इटलीत."

तो बराच वेळ जमिनीवरून हात फिरवत राहिला.

"जोंधळा पिकतूय का तितं?"

"गहू पिकतो म्हणतात."

"मग खळी असत्याल."

"असतील."

"तुला कायतरी इचारलं हुतं न्हवं त्यानं? शबूद कुणी कुणाचा चोरला म्हणून. मला लिव्हलं हुतं, काका शोधत्यात."

"कुणीच नाही चोरला, बापू. मला वाटतं, आधीपासून सगळ्यांकडेच होता."

त्यानं मान हलवली. पावसाचे दोनचार थेंब धुळीत पडले. घराकडे वैनींनी दिवा लावलेला दिसत होता. बापूनं तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिच्या कानावर मी घालतो. तुला न्हाई जमायचं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दिसभर भाईर हुबा हाईस. ये आता आत. आता आपुन दोघं सारखंच."

मी दोऱ्यानं बांधलेल्या वहाणा काढल्या आणि खळ्यात पाऊल टाकलं. सारवलेली जमीन अजून उन्हानं कोमट होती.